‘आई, आपल्या घरी थंडीत काय करतात?’

प्रश्न :
ताई, आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलाला नुकतीच तीन पूर्ण झाली. आम्ही दोघंही नोकरी करतो. नाताळची सुट्टी जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. मोबाइलवर बघावं तर कुणी घरात झाड सजवलंय, कुणी सगळ्यांना एकसारखे कपडे घेतलेत, कुणी डिसेंबरच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक उपक्रम ठरवलाय. परवा मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, आपल्या घरी थंडीत काय करतात?” मला उत्तरच सुचलं नाही. गणपती, दिवाळी आम्ही करतो, पण थंडीतलं असं आमचं काही नाही. तिला खिडकीत चांदणी आणि घरात झाड हवंय. सासूबाई बार्शीजवळ गावी असतात, तिथे आमची शेती आहे. त्या म्हणतात, हे आपलं नव्हे. मुलगा कशातच पाच मिनिटं टिकत नाही, मांडलेलं सगळं विस्कटून ठेवतो. नवरा रात्री साडेआठपर्यंत घरी येतो. आम्हाला झेपेल असं काही सांगाल का? आणि एक राहिलंच. मुलाचं बोरन्हाण करायचं राहून गेलंय. आता तिसऱ्या वर्षी केलं तर चालेल का?
– एक आई, पुणे

उत्तर :
प्रिय मैत्रिणी,

तुमच्या मुलीने फार नेमका प्रश्न विचारलाय. पाच-सहा वर्षांचं मूल शाळेत जाऊन दुसऱ्या घरांबद्दल ऐकायला लागतं आणि मग त्याला आपल्या घराबद्दल सांगायला काहीतरी हवं असतं. ती तुमच्याकडे मोठा कार्यक्रम मागत नाहीये. थंडी पडली की आमच्याकडे हे असतं आणि त्यात हे काम माझं असतं, असं तिला वर्गात सांगता आलं की तिचं समाधान होईल.

म्हणून दोनच गोष्टी सांभाळा. जे कराल ते पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल एवढंच करा, आणि त्यात प्रत्येक मुलाचं एक काम ठरवून द्या. कपडे, सजावट, फोटो ज्यांना आवडतात त्यांनी जरूर करावेत. पण डिसेंबरच्या रोजच्या दिवसाला एक उपक्रम हे नोकरी करणाऱ्या आईला मी कधीच सुचवणार नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आई दमते, चिडचिड करते, आणि मुलांच्या मनात त्या उपक्रमाऐवजी ती चिडचिडच राहते. लहान मुलांना नवेपणाचं जेवढं आकर्षण असतं त्याच्या कितीतरी पट ओळखीची गोष्ट पुन्हा घडण्याचं असतं. तीच गोष्ट त्याच शब्दांत रोज रात्री ऐकणारं मूल तुमच्या घरात आहेच की!

आणि थंडीतलं आमचं काही नाही, असं म्हणू नका. जरा कॅलेंडर काढून बघा. मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठीचं भरीत आणि रोडगा, दत्तजयंती, मग भोगी, संक्रांत आणि शेवटी रथसप्तमी. मराठी घरात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत एवढं सगळं आहे की निवड करावी लागते. सगळं करायला जाऊ नका. मी चार-पाच गोष्टी सांगते, त्यातल्या तीन उचला.

माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी धुंधुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. म्हणजे नाताळची अख्खी सुट्टी त्यात येते. या महिन्यात एखाद्या दिवशी तरी पहाटे स्वयंपाक करायचा, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि तेव्हाच जेवायला बसायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, गूळ. शहरात ही रीत मागे पडत चाललीय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लहान मुलांना इतकी मजा देणारी दुसरी गोष्ट आपल्या वर्षभराच्या सणावारात क्वचितच असेल. अंधारात उठायचं, स्वेटर-कानटोपी चढवायची, आणि एरवी ज्या वेळी एक कप दुधासाठी आई मागे लागते त्या वेळी चक्क ताट वाढून जेवायचं! रोजचा नियम मोठ्यांनी स्वतःहून मोडला की मुलं हरखून जातात.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तुम्ही दोघं साडेपाचला उठलात आणि मुलांना सव्वासहाला उठवलंत तरी पुरतं. वांगी आदल्या रात्री भाजून, सोलून ठेवा. तांदूळ आणि भाजलेली मूगडाळ समसमान मोजून एका डब्यात, आलं आणि मिरी बाजूला. बाजरीचं पीठ मात्र ताजं दळून आणा. ते जुनं झालं की कडवट लागतं, आणि पहिला घास कडू लागला तर मुलं पुढच्या वर्षीही भाकरीला हात लावणार नाहीत. लोणी घरचं नसेल तर डेअरीतलं पांढरं लोणी आणा, तेही नाही मिळालं तर तूप आहेच. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं, तेव्हा किल्ली आदल्या संध्याकाळीच मागून ठेवा. गच्ची मिळाली नाही तर पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी चालेल, शेजाऱ्यांची असली तरी. त्यांनाही जेवायला बोलवा म्हणजे झालं.

आता कामं. भाकरी थापताना मुलाच्या मुठीत तीळ द्या. भाकरीवर तीळ टाकायचे ते त्यानेच. निम्मे ओट्यावर पडतील, पडू देत. मुलीचं काम मानाचं : गच्चीवर उभं राहून पूर्वेकडे लक्ष ठेवायचं आणि सूर्याची कड दिसली की “आला!” म्हणून ओरडायचं. ती ओरडेपर्यंत कुणीही घास घ्यायचा नाही, आजी-आजोबा आले असतील तर त्यांनीही नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सगळ्या घराचं जेवण सुरू करायची सत्ता आली की ती त्या दिवसाची वाट वर्षभर बघेल. सूर्य वर आला की त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, हेही तिला त्याच वेळी सांगा. ढग असले तर घड्याळ बघून सव्वासातला सुरुवात करा. आणि दिवस पक्का करून टाका, सुट्टीतला पहिला रविवार म्हणा हवं तर. एकदाच करायचं. महिनाभर रोज करायचा उत्साह मुलं दाखवतील, त्याला बळी पडू नका.

दुसरी गोष्ट खास मुलीसाठी. तिच्यासाठी साधारण एक मीटरची सरळ काठी शोधा, आणि गच्चीत ऊन येईल अशा जागी ती जमिनीवरच सरळ उभी धरा. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास, दुपारी काठीची सावली मोजायची. पुण्यात सूर्य बारा वाजता माथ्यावर येत नाही, त्याला साडेबारा-पाऊण होतात, म्हणून तेव्हा मोजायची. सावली काठीच्या साधारण नव्वद टक्के भरते, मीटरभर काठी असेल तर नव्वद सेंटिमीटर. काठी सरळ उभी आहे ना हे बघायला दोऱ्याला किल्ली बांधून ओळंब्यासारखी शेजारी लोंबती सोडा. सावली जेवढी तेवढी सुतळी कापायची, तिला तारखेची चिठ्ठी लावायची आणि भिंतीवर खिळ्याला टांगायची. संक्रांतीला पुन्हा मोजायची, तेव्हा ती त्र्याऐंशीच्या आसपास येईल. मग रथसप्तमीला, तेव्हा आणखी आखडलेली असेल. तीन सुतळ्या शेजारी शेजारी टांगल्या की सूर्य उत्तरेकडे निघालाय हे मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट तुम्हालाही सांगून ठेवते, कारण मुलगी आज ना उद्या विचारेलच. सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेला. संक्रांत त्यानंतर तीन आठवड्यांनी येते. पृथ्वीचा आस फार संथ गतीने डोलतो, त्यामुळे सूर्याचं वळणं आणि त्याचा मकर राशीतला प्रवेश यांच्यात शतकानुशतकं अंतर पडत आलंय. म्हणून सावली संक्रांतीच्या आधीच कमी व्हायला लागलेली दिसेल. मुलीने स्वतः मोजून हे पकडलं तर तिचं कौतुक करा, सण चुकीचा आहे असं तिला वाटू देऊ नका. सुतळ्या जपून ठेवा. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तीच काठी, तेवढीच सावली. ते बघताना तिला जे वाटेल ते कुठल्याही खेळण्याने वाटणार नाही.

तुमचे यजमान साडेआठला घरी येतात, ते या सगळ्यातून सुटतात असं दिसतंय. त्यांना सोडू नका. जेवणं झाली की रात्री साडेनऊला, सुट्टीतल्या शनिवारी, मुलांना शालीत गुंडाळून गच्चीवर न्यायचं काम त्यांचं. त्या वेळी पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. शहराच्या उजेडातही त्याच्या मधले एका ओळीतले तीन तारे स्वच्छ दिसतात. आपल्याकडे गोष्ट अशी की चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि मधले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची ओळ खाली वाढवत नेली की लखलखणारा व्याध सापडतो, बाण मारणारा शिकारी. तीच ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते मुलीला मोजायला सांगावं, बाबांना किती दिसतात तेही विचारावं. बाबांना बहुधा कमी दिसतील! दहा मिनिटांत सगळे खाली. दिवसभर घरात नसणाऱ्या बापाकडे स्वतःची अशी एक गोष्ट असणं मला फार मोलाचं वाटतं, आणि तुम्हालाही तेवढ्यात चहा निवांत पिता येईल.

आता चांदणी आणि झाड. चांदणी लावा, अगदी बिनधास्त लावा. दिवाळीत आकाशकंदिलासाठी सोडलेली वायर आणि होल्डर अजून बाल्कनीत लोंबत असतील, त्यालाच लावा. विकत आणू नका, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून बाबा आणि मुलीने मिळून करावी. दोन त्रिकोण एकमेकांवर बांधले की सहा टोकांची झाली. झाडासाठी प्लॅस्टिकचं झाड घ्यायची गरज नाही, बाल्कनीतल्या एखाद्या कुंडीतल्या झाडाला मुलीने कागदाच्या माळा घातल्या की तिचं भागेल.

‘हे आपलं नव्हे’ याबद्दल मात्र मला थोडं बोलायचंय. वसईत आणि गोव्यात पिढ्यानपिढ्या नाताळ होतो, आणि तो करणारी माणसं आपलीच आहेत, आपल्याच मातीतली. तिथे डिसेंबर लागला की घरोघर बायका-मुलं मिळून कुलकुल करायला बसतात. पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, रेघा उमटतात, मग तळून साखरेत घोळवायची. नेवऱ्या, दोदोल हे गोड पदार्थही त्या दिवसांतलेच. गोव्यात मुलं गोठा उभा करतात, त्यातलं हिरवं गवत मिळावं म्हणून आधी नाचणी किंवा गहू पेरून ठेवतात. तुमच्या इमारतीत किंवा ऑफिसात कुणी ख्रिस्ती मैत्रीण असेल तर २५ तारखेला मुलांना घेऊन तिच्याकडे जा. जाताना तुमच्या दिवाळीच्या फराळासारखाच डबा भरून न्या. तुमच्या मुलीला टीव्हीवरचा बर्फातला नाताळ ठाऊक आहे. तिला खऱ्या घरातला, माणसांनी भरलेला नाताळ बघायला मिळू दे.

सासूबाईंशी यावर वाद घालू नका. त्या दुखावल्या आहेत, पण चांदणीमुळे नाही, असं मला वाटतं. नातवंडांना त्यांच्याकडचं काही कळत नाही याचं त्यांना दुःख असावं. त्यांना फोन करा आणि विचारा, तुमच्या लहानपणी पौषात घरी काय काय व्हायचं? बार्शीच्या बाजूची बाई आणि ज्वारीचं रान, तुम्हाला ऐकायला भरपूर मिळेल. आणि मग जानेवारीतला एक शनिवार-रविवार कायमचा त्यांच्या नावावर करून टाका : हुरड्याचा.

लोक पैसे भरून, गाड्या काढून हुरडा खायला लांब लांब जातात, आणि तुमच्या घरचं शेत आहे! रब्बीच्या ज्वारीचं कणीस दाण्यात दूध भरून कोवळं असतं तेव्हाच हुरडा होतो, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, शेत कधी पेरलं त्यावर आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे. नेमकं कधी यायचं हे सासूबाईंनाच ठरवू द्या, ते त्यांनाच कळतं. जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, निखारे झाले की त्यात कणसं खुपसतात. भाजलेलं कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि गरम गरम खायचे, बरोबर लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. हात पोळतात, म्हणून चोळणं मोठ्यांचं. फुंकर मारून फोलपट उडवणं तुमच्या मुलाचं. आगटीभोवती मुलं पळत असतात, तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त तेवढ्याकडेच लक्ष द्यायचं, खाणं नंतर. तिखट चटणी मुलांना नको असेल तर गुळाबरोबर दाणे द्या.

तुमच्या मुलाबद्दल लिहिलंत, तो सगळं विस्कटतो. तीन वर्षांचं मूल तेच करणार, त्यात काळजीचं काही नाही. त्याला बसवून ठेवायचं काम देऊ नका, विस्कटणं हेच ज्यात काम आहे असं काम द्या. फोलपट उडवणं, तीळ टाकणं, आणि संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात दाण्यांची सालं काढणं. शेंगदाणे भाजून पूर्ण गार झाले की जुन्या कापडात बांधून त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, चोळ. मग बाल्कनीत नेऊन साल फुंकायची. नंतर झाडू मारावा लागेल, त्याची मनाची तयारी ठेवा. सोललेले दाणे मात्र लगेच उचलून घ्या. एवढ्या लहान मुलाच्या तोंडात अख्खा शेंगदाणा जाऊ द्यायचा नाही.

तिळगुळाचं म्हणाल तर मुलांबरोबर पाकाचे लाडू करू नका. ते गरम असतानाच वळावे लागतात, हात भाजतात, आणि मग आई “लांब हो” म्हणून ओरडते. पाकाचे करायचेच असतील तर मुलं झोपल्यावर करा. मुलांबरोबर बिनपाकाचे करा : दोन वाट्या तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार करून मिक्सरमधून जाडसर काढायचे, त्यात वाटीभर दाण्याचं कूट, दीड वाटी किसलेला साधा गूळ, वेलची, आणि दोन चमचे पातळ तूप. सगळं हाताने मळलं की तिळाला तेल सुटतं आणि लाडू वळतात. मुलीचे लाडू लिंबाएवढे होतील, मुलाचे वाकडेतिकडे होतील. दोन्ही एकाच डब्यात भरा, वेगळे करू नका. लाडू वळताना मुलगा खाईल तेवढं खाऊ दे, निदान तो तेवढा वेळ एका जागी असेल.

संक्रांतीच्या संध्याकाळी डबा मुलीच्या हातात द्या. “तिळगूळ घ्या, गोड बोला” म्हणत इमारतीत घरोघर जायचं, पण सुरुवात खालच्या वॉचमनकाकांपासून आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींपासून. हा क्रम दर वर्षी हाच ठेवा. मुलं क्रमावरून शिकतात की घरात कुणाला किती मान आहे. भोगीची मिसळीची भाजी जमली तर करा, सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं, तिळाचं कूट. पण त्या आठवड्यात रजा नसेल तर ती सोडून द्या, लाडू आणि डबा पुरे.

रथसप्तमीला फार वेळ लागत नाही. पाटावर किंवा दारात रांगोळीचा सूर्य काढायचा आणि मातीच्या बोळक्यात दूध तापवून पूर्वेकडे तोंड करून उतू जाऊ द्यायचं. गोवरीवर जमत नसेल तर गॅसवरही चालतं, बोळकं आधी पाण्यात भिजवून ठेवा आणि आच अगदी मंद ठेवा. वर्षभर दूध उतू गेलं की घरात आरडाओरडा होतो, आणि त्या एका दिवशी आई म्हणते, जाऊ दे, जाऊ दे! मुलांना याची किती गंमत वाटते ते बघाच. शाळेत जायच्या आधी पंधरा मिनिटांत होतं. तिसरी सुतळीही त्याच दिवशी.

आता बोरन्हाण. होय, तिसऱ्या वर्षी चालतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं करतात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालतो, त्यामुळे तुमच्याकडे सोयीच्या रविवारी करा. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने. दागिने पुण्यात तुळशीबागेत मिळतात, मुलांसाठी मुकुट, हार, बाजूबंद, बासरी असा संच असतो. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात. घरी करून देणाऱ्या एखाद्या काकू ओळखीत असतील तर त्यांच्याकडूनच घ्या. साखरेचा पाक थेंब थेंब सोडत, तासन्‌तास हलवत तो काटा आणणं हे फार कष्टाचं काम आहे, आणि ते येणारी माणसं आता कमी उरली आहेत.

डोक्यावरून काय ओतायचं यात थोडा विचार करा. रीतीप्रमाणे बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा, रेवड्या असतात, आणि जमलेली मुलं ते लुटतात. पण जमणारी मुलं दोन-तीन वर्षांची असतील तर हलवा, रेवडी, दाणे, बोराची बी हे त्यांच्या घशात अडकू शकतं. म्हणून ओतायला चुरमुरे भरपूर घ्या. बोरं मोठी बघून घ्या आणि अगदी मोजकी टाका. मटाराच्या आणि हरभऱ्याच्या न सोललेल्या शेंगा आणि उसाचे लांब तुकडे चालतील. हलवा मुलांच्या आयांच्या हातात वेगळा पुडीत द्या. आलेल्या प्रत्येक मुलाला एक कागदी पिशवी द्या, लुटलेलं सगळं त्यात जाईल आणि घरी गेल्यावर आई निवडून देईल. मुलाने स्वतः अंगावरचे दागिने चाटायला सुरुवात केली की काढून ठेवा. फरशीवर जुनी मोठी चादर अंथरा, पाट मधोमध, आणि सात-आठ मुलांपेक्षा जास्त बोलावू नका. त्या वयात गर्दी झाली की लुटण्यात ढकलाढकली होते, आणि कुणीतरी रडतं.

वर्षाच्या बाळाला काही कळत नाही, ते मजेत बसतं. तीन वर्षांच्या मुलाला मात्र सगळ्यांनी मिळून आपल्या डोक्यावर काहीतरी ओतणं घाबरवू शकतं. म्हणून दोन-तीन दिवस आधी घरातच खेळ करा, वाटीभर चुरमुरे बाबांच्या डोक्यावर त्याला ओतू द्या, मग बाबांनी त्याच्या डोक्यावर. प्रत्यक्ष दिवशी औक्षण झालं की पहिली मूठ बहिणीने टाकावी, हळूच. तो हसला तर बाकीच्यांनी. रडला तर तिथेच थांबा, त्याला कडेवर घ्या आणि चुरमुरे पाटावर ओतून मुलांना लुटू द्या. मुलं लुटायला लागली की तोही खाली उतरेल.